हॅझलबीकर मास्तरांची हद्द

परतवाड्याच्या मिशन शाळेत मी इतिहासाचा मास्तर म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा हेडमास्तरांनी माझा नेमणुकीचा कागद वाचला, त्याची घडी घातली आणि मला उभंच ठेवून विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

तिवस्याजवळच्या एका खेड्याचं नाव मी सांगितलं.

"कोणी वसवलं ते?"

"माहीत नाही."

"किती जुनं असन?"

"असेल बरंच जुनं."

"हद्द कुठून कुठवर?"

"नाल्यापासून सडकेपर्यंत. अंदाजे."

"अंदाजे," ते म्हणाले. "अन् बी.ए. कायच्यात केलं म्हणता?"

"इतिहासात."

त्यांनी दारातल्या शिपायाकडे पाहिलं. "ऐकलं काय रे? इतिहासात." शिपाई तोंडावर हात ठेवून हसला. मी तेव्हा चोविशीत होतो, आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. होतो आणि त्या दिवसासाठी मुद्दाम शिवलेला सदरा घालून आलो होतो. या माणसाशी आपलं कधी पटायचं नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पटलंही नाही. पण पुढची पाच-सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काढली, आणि आज मला झोपेतून उठवून ज्याच्याबद्दल विचारलं तरी सगळं सांगता येईल, असा माणूस तो एकच आहे.

त्यांचं नाव एडविन सॅम्युएल हॅझलबीकर. आडनाव पहिल्यांदा ऐकणारा हमखास हसायचा, आणि मास्तर त्याचं हसू संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. मोठ्या दुष्काळात परतवाड्याच्या बाजारात धान्याच्या गाड्यांच्या मागं बसलेली पोरं ज्या इंग्रज पादऱ्यानं उचलून आणली, त्यांतले हे एक. त्या पादऱ्याला सगळे मोठे साहेब म्हणत. साहेब विलायतेतल्या हॅझलबी नावाच्या खेड्यातले. त्यांनी इथं जमीन घेतली, चर्च बांधलं, पोरांसाठी खोल्या बांधल्या आणि वस्तीला आपल्या गावाचंच नाव दिलं. टांगेवाले मात्र पहिल्या दिवसापासून तिला पादरीपुरा म्हणत आले. पोरांना साहेबांनी बायबलातली नावं वाटली. हे पोरगं हुशार, साहेबांच्या पायथ्याशी झोपणारं, म्हणून त्याला गावाचं नाव मिळालं. शाळेच्या कारकुनानं त्याला 'कर' जोडलं, कारण गावाला 'कर' लावल्याशिवाय आडनाव पुरं झाल्यासारखं त्याला वाटेना.

आपण मूळ कुठल्या गावचे, हे मास्तरांना माहीत नव्हतं. आई-बाप, जात, देव, काहीच माहीत नव्हतं. साहेबांना संध्याकाळी घरची आठवण यायची आणि ते पायथ्याच्या पोराला आपल्या गावाचा इतिहास सांगत बसायचे. पोरानं तो जसाच्या तसा गिळला. पुढं साहेब वारले, त्यांना इथल्याच कबरस्तानात पुरलं, आणि त्या इंग्रजी खेड्याचा सगळा इतिहास परतवाड्यातल्या एका डोक्यात शिल्लक राहिला.

मास्तर काटकुळे, काळेसावळे, डोक्यावर पांढरे आखूड केस. अंगात बारा महिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. हातात मेळघाटातल्या बांबूची छडी. तिला ते दर रविवारी प्रार्थनेनंतर तेल लावत. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून एकदा कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "नाव पुढं चालवाले आधी ते आपलं पाह्यजे."

वर्गात ते हॅझलबी शिकवत. अभ्यासक्रमात काय आहे याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. हॅझलबीच्या चर्चला चौकोनी मनोरा, मनोऱ्यात तीन घंटा, त्यातली मोठी घंटा एका कडक थंडीत तडकली. गावात प्लेग आला तेव्हा पादरी पळाला नाही, मेलेल्यांना स्वतः खड्डे खणत राहिला आणि शेवटच्या खड्ड्यात त्याला ढकलायला कोणी उरलं नाही. तळ्यात एका म्हाताऱ्या बाईला चेटकीण म्हणून बुडवलं. चेटकीण असती तर तरंगली असती. ती बुडाली, म्हणून निर्दोष ठरली. ही गोष्ट सांगताना मास्तर हसायचे. "बुडाली, म्हंजे चांगली होती," असं म्हणून ते पोरांकडे बघायचे, आणि पोरंही हसायची, कारण न हसणाऱ्याला ते उभं करत.

एकदा डेप्युटी साहेब तपासणीला आले. चौथीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "आपल्या गावाची माहिती कोण सांगेल?" सगळे हात वर झाले. एक पोरगा उभा राहिला, हात पाठीमागं बांधले आणि म्हणू लागला, "आमच्या गावाला तीन घंटा आहेत. मोठी घंटा थंडीत तडकली. गावाच्या मधोमध तळं आहे. हिवाळ्यात तळ्याचा दगड होतो आणि माणसं त्याच्यावरून चालत जातात."

डेप्युटींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वाळलेलं मैदान होतं आणि त्यात एक बकरी होती. "कोणत्या गावाला?"

"हॅझलबीले, साहेब."

डेप्युटी मास्तरांकडे वळून म्हणाले, "देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली, हेडमास्तर."

"गावाले त्याचं काय?" मास्तर म्हणाले.

शेरा अर्थातच वाईट पडला. डेप्युटींचा टांगा फाटकाबाहेर गेल्यावर मास्तरांनी त्या पोराला बोलावून चार छड्या दिल्या. मला वाटलं शेऱ्याचा राग काढताहेत. तसं नव्हतं. पोरानं प्लेगचा पादरी गाळला होता.

दुसरी आठवण डाकबंगल्याची. सेमाडोहच्या जंगलात शिकारीला निघालेली एक गोरी मंडळी तिथं उतरल्याचं कळलं, तेव्हा मास्तर कोट झटकून निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. तिथं एक मडमीण खुर्चीत बसली होती. मास्तरांनी आपलं स्वच्छ, जुन्या वळणाचं इंग्रजी काढलं आणि तिला हॅझलबीची खुशाली विचारली. बाईनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी मनोरा सांगितला, घंटा सांगितल्या, तळं सांगितलं. बाई सभ्यपणानं ऐकत राहिली आणि मग खानसाम्याला म्हणाली, यांना चहा द्या. खानसाम्यानं तो मागच्या ओसरीवर, कान तुटलेल्या कपातून दिला. कान तुटलेला कप माझ्या लोकांच्या फार जुन्या ओळखीचा आहे, त्यामुळं मी माझ्या कपाला हात लावला नाही. मास्तर शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. परत येताना फाटकाबाहेर त्यांनी कोट पुन्हा झटकला. मग म्हणाले, "ते बाई विलायतेची नाही. हॅझलबी माहीत नाही म्हणते."

आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो, हे त्यांना माहीत होतं. त्यावरून ते मला टोचत नसत, उलट त्यांना त्याचा थोडा हेवाच वाटत असावा. "तुमाले जुना धर्म कोणता होता ते ठाऊक होतं," एकदा म्हणाले, "म्हणून बदलता आला. माह्यापाशी बदलाले काही नव्हतंच."

आता हद्दीचं सांगतो, कारण मास्तर म्हटलं की मला ती हद्दच दिसते.

विलायतेत एका चर्चच्या हाताखालच्या मुलखाला पॅरिश म्हणतात. पूर्वी नकाशे नव्हते, तेव्हा पॅरिशची हद्द माणसांच्या डोक्यात ठेवावी लागे. म्हाताऱ्यांच्या डोक्यात ठेवून उपयोग नाही, ते मरतात. म्हणून दर वर्षी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, पादरी गावातल्या पोरांना घेऊन हद्दीवरून फिरायचा आणि प्रत्येक दगडापाशी एकेका पोराला बडवायचा. कोणाला दगडावर आपटायचं, कोणाला काटेरी झुडपात लोटायचं. पोरगं म्हातारं झालं तरी आपल्याला मारलं ती जागा विसरत नाही, असा हिशेब. मोठ्या साहेबांनी ही रीत इथं आणली. जमिनीच्या कडेनं क्रूस कोरलेले दगड पुरले आणि दर मे महिन्यात पोरांची मिरवणूक सुरू केली. तिकडं मे महिन्यात फुलं फुलतात. इकडं वैशाख असतो, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि पोरं अनवाणी असतात.

साहेब नुसता धपाटा मारून पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. मास्तरांच्या हाती कारभार आला तेव्हा त्यांनी गूळ बंद केला. "गुळानं मार इसरते," ते मला म्हणाले. "मार इसरला का दगड इसरते."

मी पहिल्यांदा त्या मिरवणुकीबरोबर गेलो, तेव्हा पोरांच्या टाचा भाजताना बघवेनात म्हणून परत फिरणार होतो. मी मास्तरांना म्हणालो, "आमच्या गावात कोणत्या विहिरीवर जायचं नाही, कोणत्या ओट्याला शिवायचं नाही, हे पोराला चालता यायच्या आत कळायचं. हद्द शिकवायला आम्हाला कोणी दगडावर मारत नव्हतं."

मास्तर थोडं चालले. मग म्हणाले, "मारलं नाही कसं म्हणता? मारलंच म्हणा ना."

अशी वाक्यं टाकायचे म्हणूनच त्यांचा राग पुरता करता येत नसे.

दर वर्षी ते चालता चालता एक गोष्ट सांगत. हॅझलबीच्या शेजारच्या जमीनदारानं गावाचं गायरान बळकावलं आणि दावा लागला. कोणाकडे कागद नव्हता. तेव्हा गावानं एका म्हाताऱ्या मेंढपाळाला न्यायाधीशापुढं उभं केलं. मेंढपाळानं न्यायाधीशाला शेतात नेलं, एका जागी थांबून चड्डी खाली केली आणि म्हणाला, लहानपणी मला इथं मारलं. त्या एका वाक्यावर गावाला गायरान परत मिळालं. पोरं चड्डीला हसायची. मास्तरांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं, आणि ते मी स्वतः पाहिलं आहे.

पश्चिमेच्या कोपऱ्यावर, नाल्याच्या काठी, शेवटचा दगड होता. त्याच्या आतल्या अंगाला कबरस्तान. त्या दगडापाशी मास्तर कोणाला मारत नसत. "इथी दुसरं पोरगं लागत नाही," ते म्हणाले. "दानियल पुरे."

दानियल हा वस्तीतल्या माळ्याचा मुलगा. मी आलो तेव्हा तो मोठा होऊन वस्ती सोडून गेला होता आणि बसवर कंडक्टर होता. आठ वर्षांचा असताना मास्तरांनी त्याचा सदरा काढून त्याला त्या तापलेल्या दगडावर उताणा दाबून धरला होता आणि वरून मांड्यांवर छडी चालवली होती. बाप पाण्याचा पितळी गुंड घेऊन तिथंच उभा होता. तो बोलला नाही, कारण मास्तरांपुढं बोलायची वस्तीत कोणाची प्राज्ञा नव्हती. पोराची कमर भाजली आणि डाग कायमचा राहिला. हे मला वस्तीतल्या लोकांनी सांगितलं, आणि मास्तरांनीही सांगितलं. लोकांनी खालच्या आवाजात सांगितलं, मास्तरांनी अभिमानानं. "तसं पोरगं माह्या हातून पुन्हा झालं नाही," ते म्हणाले.

"एवढं कायले मारलं त्याले?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्यांनी छडीनं जमीन दाखवली. दगड आणि कबरस्तानाची भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात मातीचे काही उंचवटे होते, बसत बसत जमिनीला मिळत आलेले. क्रूस नाही, नाव नाही. दुष्काळात आणलेली जी पोरं जगली नाहीत, ती तिथं होती.

"साहेबांची गाडी बाजारातून निंगाली तवा माही बहीण माह्या कडेवर होती," मास्तर म्हणाले. "इथी पोचलो तं गेली होती. उन्हं कलली का या दगडाची सावली जिथी पडते, तिथी पुरली तिले. दगड हाये तं ते हाये. माहं म्हणावं असं तेवढंच."

"नाव काय होतं तिचं?"

"नाही आठवत."

हॅझलबीच्या एकूणएक पादऱ्यांची नावं ज्यांना क्रमानं पाठ होती, त्या माणसानं हे सांगितलं. मला त्या क्षणी त्यांची भयंकर कीव आली आणि त्याच वेळी दानियलची भाजलेली कमर डोळ्यांपुढून हलेना.

पुढं एका पावसाळ्यात नाला फिरला. पाणी कोपऱ्यावर चढलं, ओसरलं तेव्हा नाल्यानं वस्तीच्या बाजूला नवा मार्ग धरला होता आणि दगड कुठंच नव्हता. उंचवट्यांवर गाळ बसून सगळं सपाट झालं. नाल्यापलीकडं मोतीशेठची लाकूड कापायची आरा मशीन होती. मेळघाटातून येणारं सागवान रचायला त्यांना जागा अपुरी पडत होती. नाला हीच हद्द, आणि नाला आता इकडं आला, तेव्हा मधली जमीन आमची, असं त्यांनी लावून धरलं. गोरे पादरी कधीच गेले होते. मिशनचा कारभार दूरच्या शहरातून चाले आणि तिथल्या लोकांना एका पट्ट्यासाठी भांडायची हौस नव्हती. भांडले ते एकटे मास्तर. तहसिलीत त्यांच्या इतक्या खेपा झाल्या की शेवटी नायब तहसीलदार स्वतः जागा बघायला आले. वैशाखातच आले.

मास्तरांनी त्यांना दगडाची जागा छडीनं दाखवली. तहसीलदारसाहेब म्हणाले, "तुम्ही मिशनचे नोकर. तुमचं म्हणणं मी कसं धरू? इथं लहानाचा मोठा झालेला, पण आता मिशनशी संबंध नसलेला कोणी आहे का?"

मास्तर त्या दिवशी नवरदेवाच्या बापासारखे दिसत होते. साऱ्या आयुष्याची मेहनत आता फळाला येणार होती. हॅझलबीत जे घडलं ते पादरीपुऱ्यात घडणार होतं. त्यांनी साहेबांना मेंढपाळाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तशी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दानियलले आणा," मास्तर म्हणाले. "त्याले इसरता येणारच नाही."

दानियल दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात खाकी कपड्यांतच आला. त्यानं मास्तरांना वाकून सलाम केला. तो नेहमीच करायचा. बसमध्ये मास्तर चढले की कोणाला तरी उठवून जागा करून द्यायचा.

"लहानपणी तुला इथं आणत होते?" साहेबांनी विचारलं.

"हो जी. दर साली."

"या कोपऱ्यावर दगड होता?"

"दगड तं लय होते जी."

"इथला कुठं होता ते दाखव."

दानियलनं गाळाकडं पाहिलं. नाल्याकडं पाहिलं. मग मास्तरांकडं पाहिलं, आणि ते बघणं जरा लांबलं.

"मले आठवत नाही जी."

"आठव," मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दानियल, आठव."

"लहान होतो, मास्तर."

"याला इथं मारलं होतं म्हणता ना तुम्ही?" साहेबांनी मास्तरांना विचारलं.

"सदरा काढ," मास्तर दानियलला म्हणाले. "साहेबाले डाग दाखव."

"डाग असेल," साहेब म्हणाले. "डागावरून दगड कुठं होता ते कसं कळणार?" मग दानियलला म्हणाले, "तू सांग. कुठं मारलं होतं?"

"मास्तर सगळ्यायलेच मारत होते जी. कोणाले कुठी मारलं, काही ध्यानात नाही."

मोतीशेठचा मुनीम हसला. साहेबांनी काय लिहायचं ते लिहून घेतलं आणि सावलीकडं गेले. कागद काही महिन्यांनी आला, पण निकाल त्या उन्हातच लागला होता.

मी दानियलला बसस्टँडच्या हॉटेलात गाठलं. तो चहा बशीत ओतत होता.

"खरंच आठवत नाही तुला?"

"सर," तो म्हणाला, "मी अजून उताणा झोपत नाही."

"मग?"

"मंग काय?"

"अरे, तिथं त्यांची बहीण पुरलेली आहे. तुला माहीत नसेल."

"माहीत हाये." त्यानं बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली. "मले दाबून धरलं होतं तवा तेच म्हणून राहिले होते. इथी माही बहीण हाये, इसरशील काय, इसरशील काय. मी म्हणलं, नाही इसरत जी. दहादा म्हणलं. तरी सोडलं नाही. माहा बाप तिथीच उभा होता." मग तो उठला. "त्याईची बहीण होती तं मी काय करू, सर? मी आठ वर्साचा होतो."

मला त्याचा राग आला नाही, हे इथं लिहून ठेवतो. आला असता तर बरं झालं असतं.

मास्तर आता आकाशपाताळ एक करतील, दानियलला शिव्याशाप देतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. ते ओसरीवर कोट घालून बसून राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला म्हणाले, "दगड तिथी नसन."

"म्हणजे?"

"मारलेलं पोरगं इसरत नसते. दानियलले आठवत नाही, म्हंजे दगड तिथी नव्हता. माहंच चुकलं असन. दुसरीकडे कुठी असन."

मी त्यांना सांगितलं की दानियल खोटं बोलला, त्याला सगळं आठवतं, त्यानं स्वतः मला सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत छडी माझ्या मनगटावर बसली.

"माह्या हातचं पोरगं हाये ते," मास्तर म्हणाले. "खोटं बोलत नाही."

दानियलनं सूड घेतला होता तो जमिनीच्या एका पट्ट्यापुरता. तो इतका खोल जाईल हे त्यालाही माहीत नसावं. ज्या मारावर मास्तरांनी सगळं आयुष्य रचलं होतं, त्या मारावरचा विश्वास त्यांना सोडता येईना, म्हणून त्यांनी स्वतःवरचा सोडला. आणि एकदा तो सुटल्यावर बाकीचंही निसटायला लागलं. वर्गात मध्येच थांबून ते पोरांना विचारायचे, "घंटा तीन होत्या का चार रे?" पोरं म्हणायची, तीन. "नक्की?" पोरं म्हणायची, हो. मग ते दुसऱ्या दिवशी चार सांगायचे. प्लेगचा पादरी कधी पळून जायचा, कधी राहायचा. नवा हेडमास्तर आला आणि त्यानं हद्दीची मिरवणूक बंद केली. वस्तीतल्या आयांनी त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. मोतीशेठचं कुंपण नव्या नाल्यापर्यंत आलं आणि आत सागाचे ओंडके रचले गेले.

मास्तर उन्हं कलली की नाल्याच्या काठानं छडीनं जमीन ठोकत फिरायचे. कधी वर, कधी खाली, कधी पार सडकेच्या बाजूला. ओंडक्यांकडं तेवढं ते कधीच जात नसत. तिथं नाही, हे दानियलनं सांगितलेलं होतं.

मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली. निघालो त्या दिवशी नेमका दानियलच बसवर होता. पादरीपुऱ्याच्या फाट्यावर बस थांबली, एक बाई पोतं घेऊन चढू लागली, आणि नाल्याकडून मास्तर येताना दिसले. कोटाचं प्रत्येक बटण एका काजानं चुकलेलं होतं. मला निरोप द्यायला येताहेत असं वाटून मी खिडकीतून हात केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते दाराशी आले.

"दानियल."

"जी मास्तर."

"तुले मी कुठी मारलं होतं रे?" त्यांनी विचारलं. "कोणता दगड होता?"

रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं. बसमधल्या लोकांनी वळून पाहिलं. दारातून ओंडक्यांचा ढीग समोर दिसत होता. दानियलनं नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. मी अर्धवट उठलोही होतो.

"तुमी मले कदी मारलंच नाही, मास्तर," दानियल म्हणाला.

मास्तरांनी थोडा विचार केला. "नाही काय?"

"नाही जी."

"मंग दुसरं कोणी असन," ते म्हणाले. "बरं." आणि एक पाऊल मागं सरून, बस जाईपर्यंत वाट बघत उभे राहिले.

दानियलनं घंटीची दोरी ओढायला हात वर केला, तसा त्याचा खाकी सदरा वर सरकला आणि कमरेवरचा तो डाग मला दिसला. तळहाताएवढा, गुळगुळीत. बस हलली. त्यानं सदरा खाली ओढला, आणि पोतंवाल्या बाईला, तुम्हाला कुठं उतरायचं, म्हणून विचारलं.